चव्वेचाळिसावा हात

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. एवढं एकच वाक्य मी खात्रीने सांगू शकतो. यापुढचं सगळं मला जसं समजलं तसं सांगणार आहे, आणि मला नेहमीच बरोबर समजतं असं नाही. ज्याने जन्मभर सेकंदाचा पाचवा भाग मोजला, त्याने असं बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खिडक्यांखाली टेबलांची रांग होती आणि प्रत्येक टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसलेली एकेक बाई. जिने माझ्या पोटात केसाएवढी बारीक कमान बसवली, तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. शिंक आली की ती चिमटा खाली ठेवायची, तोंड फिरवून शिंकायची आणि मग पुन्हा मला हातात घ्यायची. ती माझी पहिली आठवण. मी फार नाजूक आहे आणि माझ्यासाठी लोकांना शिंकासुद्धा आवराव्या लागतात, हे मला तेव्हाच कळलं. बहुधा तेव्हापासूनच मी थोडा संकोची झालो.

माझी तबकडी पांढरी आहे. तिच्यावर साठ रेघा आणि प्रत्येक दोन रेघांच्या मध्ये चार बारीक रेघा. डोक्यावर एकच बटण. ते फिरवलं की मला किल्ली बसते. पहिल्यांदा दाबलं की मी चालू लागतो, दुसऱ्यांदा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की काटा शून्यावर येतो. माझ्या आयुष्यात एवढंच आहे. यात गोंधळ व्हायला जागा कुठे आहे, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

मला दुकानातून घरी नेलं ते वीस वर्षांच्या एका शिंप्याने. त्याची धाकटी बहीण तेव्हा चौदा वर्षांची होती आणि ती पोहायची. तो तिला छोटी म्हणायचा, ती त्याला दादा. मीही त्यांना याच नावांनी ओळखतो. आज छोटी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि दादा एकोणसत्तर, तरी त्या नावांत फरक पडलेला नाही. दादाने माझ्यासाठी आपल्या शर्टाला आतून मऊ फ्लॅनेलचा खिसा शिवला. पुढे त्याने जेवढे शर्ट शिवले त्या सगळ्यांना तसा खिसा ठेवला. माझं जगणं या खिशात आणि त्याच्या उजव्या मुठीत गेलं.

तलाव बंदिस्त होता, पंचवीस मीटर लांबीचा. वर पत्र्याचं छप्पर, भिंतींना उंचावर काचा. सकाळी ऊन त्या काचांतून थेट पाण्यावर पडायचं आणि सगळं पाणी चमचमायचं. छोटी एक फेरी जायची आणि एक यायची, म्हणजे पन्नास मीटर. दादा सुरुवातीच्या काठावर उभा राहून "हं" म्हणायचा आणि मला दाबायचा. मग त्याचे ओठ हलू लागायचे. टाके मोजायची सवय शिंप्याला असतेच. तो छोटीचे हात मोजायचा. डावा एक, उजवा दोन, डावा तीन. तिचा हात पाण्यात पडला की चुबुक असा आवाज यायचा आणि दादाच्या ओठांवर आकडा यायचा. तिने काठाला हात लावला की तो मला थांबवायचा.

ते दिवस चांगले होते. बाविसाव्या वर्षी छोटीने तेहतीस सेकंद आणि दोन पंचमांशांत पन्नास मीटर पार केले, तेव्हा दादाने मला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. लोक मला बघून माना हलवत होते. पोहली छोटी, कौतुक झालं माझं. मला अवघडल्यासारखं झालं, पण आवडलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

पुढे छोटीचं लग्न झालं. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली. आकडे लिहायचे, आकड्यांवर सही करायची, आणि मोजलेलं तेच खरं मानायचं असं तिचं काम होतं. पोहणं सुटलं. मी दादाच्या दुकानातल्या खणात जाऊन पडलो. शेजारी बटणं, खडू आणि एक मोडकी कात्री. तिथे मी सतरा वर्षं होतो असं म्हणतात. मला कुणी किल्ली दिली नव्हती, त्यामुळे मी स्वतः ते सांगू शकत नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी छोटीची पाठ धरली आणि डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं. ती दादाकडे आली आणि म्हणाली की तो खण उघड. अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. आता ती छत्तीस सेकंद घ्यायची. मग सदतीस झाले. मग एकोणचाळीस. दरवेळी ती पाण्यातून मान वर करून विचारायची, "किती?" आणि दादा सांगायचा. आकडा ऐकून ती परत एक फेरी मारायची. एकदा म्हणाली, "मी तेवढाच जोर लावतेय दादा. मग जातो कुठे तो जोर?" दादाने मला शून्यावर आणलं. मी फक्त किती ते सांगतो, का ते मला कधी कळलेलं नाही.

सत्तावन्नाव्या वर्षी ती एक्केचाळीस सेकंदांवर आली. आणि मित्रांनो, तिथे एक नवल घडलं. ती तिथेच राहिली. अठ्ठावन्न, एकसष्ट, त्रेसष्ट अशी तिची वर्षं वाढत गेली आणि माझा काटा येऊन थांबायचा तो एक्केचाळीसच्या आसपास. कधी एखादी बारीक रेघ इकडे, कधी तिकडे. मधल्या या वर्षांत ती कुठल्या स्पर्धेला गेली नव्हती. आधी नवऱ्याचं आजारपण, मग त्याचं जाणं. पण सकाळचं पोहणं तिने सोडलं नाही. "वय माझ्या अंगावरून जातंय, पाण्यातून जात नाही," असं ती म्हणायची. तलावावरच्या जीवरक्षकाला सगळे शिट्टी म्हणत. पन्नाशीचा माणूस, मिशा जाड, पोट सुटलेलं. तो दादाला म्हणायचा की तुमच्या बहिणीला लोणच्यासारखं मुरवून ठेवलंय तुम्ही, खराबच होत नाही.

एक गोष्ट मला तेव्हाच सांगायला हवी होती, पण कुणाला आणि कशी, ते कळलं नाही. मी थांबल्यानंतरही पाणी वाजत राहायचं. चुबुक, चुबुक. मी मुठीत असायचो, मला दिसायचं नाही. मला वाटायचं, शेजारच्या रांगेत कुणी पोहत असेल. आपल्याला काय करायचंय. मी तसा भिडस्त.

मग रिलेची गोष्ट निघाली. साठ वर्षांपुढच्या बायकांची स्पर्धा होती. चार जणींनी एकामागून एक पन्नास पन्नास मीटर पोहायचं. तलावावरच्या पाच जणींना त्यात जायचं होतं. त्यांची पुढारी म्हणजे आयुष्यभर बस चालवलेली एक उंच बाई, तिला सगळ्या कप्तान म्हणत. कप्तानने ठरवलं की प्रत्येकीने आपापली वेळ सांगायची आणि सगळ्यांत हळू असेल तिने बाहेर बसायचं. कुणी म्हणालं की वेळ तपासायला नको का. त्यावर कप्तान म्हणाली की आपण काय शाळेतल्या पोरी आहोत का खोटं सांगायला.

छोटीने एक्केचाळीस सांगितले. चौघींत तिचं नाव दुसरं लागलं. बाहेर बसली ती कोपऱ्यावरची बेकरीवाली, तिची वेळ चव्वेचाळीस होती. बेकरीवाली कुणाला पाण्यात पाहणारी बाई नव्हती, म्हणजे पोहताना सोडून. ती हसली आणि म्हणाली की बरं झालं, पहाटे पाव भाजून धावत यायचा त्रास वाचला. पण त्या दिवशी ती कपडे बदलायच्या खोलीत नेहमीपेक्षा जास्त वेळ होती, असं छोटीने दादाला सांगितलं.

छोटीने पूर्वी एकटीच्या शर्यती जिंकल्या होत्या. पण चौघींतली एक होऊन ती कधी पोहली नव्हती. नवरा गेल्यापासून घरात बोलायला माणूस नव्हतं, आणि आता कप्तान रोज फोन करून जेवलीस का विचारायची. चौघींच्या टोप्या एकाच रंगाच्या आणल्या होत्या. त्या टोपीवर छोटीचा फार जीव होता.

स्पर्धेच्या दोन आठवडे आधी दुसऱ्या एका तलावावर सराव ठेवला. लांबी आपल्या तलावाएवढीच, पण तिथे काठाला पाटी बसवलेली होती. पोहणाऱ्याचा हात तिला लागला की वेळ आपोआप फलकावर उमटते. छोटी पोहली. तिला मान वर करून "किती?" विचारायची गरजच पडली नाही. फलकावर लिहिलं होतं, पंचेचाळीस पॉइंट सहा. दादाच्या मुठीत मी दाखवत होतो, एक्केचाळीस पॉइंट दोन.

कप्तान म्हणाली की असतो एखादा दिवस वाईट. पण ती म्हणताना छोटीकडे बघत नव्हती. छोटीने पुन्हा पोहून दाखवलं. पंचेचाळीस पॉइंट आठ. माझा काटा पुन्हा एक्केचाळीसवर. बेकरीवाली सगळ्यांच्या मागे टॉवेल घेऊन उभी होती, तिने एक शब्द काढला नाही. त्या न बोलण्याने छोटी जास्त खचली.

घरी जाताना छोटी म्हणाली, "माझ्याकडे लबाड म्हणून बघत होत्या त्या."

दादा लगेच म्हणाला, "घड्याळ असेल. म्हातारं झालंय."

मित्रांनो, मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त भीती वाटली, की तो खरं बोलत असेल तर? आपण हळू चालतोय हे आपलं आपल्याला कसं कळणार? मी एक सेकंद म्हणतो तो माझा सेकंद असतो. मी थकून सावकाश चालू लागलो असेन, तर माझा सेकंदही लांबला असेल आणि मला मात्र सगळं पूर्वीसारखंच वाटत असेल. छोटीलाही पाण्यात असंच वाटत असणार. त्या रात्री मी खिशात पडून स्वतःचीच टिकटिक ऐकायचा प्रयत्न केला, तेव्हा लक्षात आलं की मी चालूच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मला घड्याळजीकडे नेलं. घड्याळजी एक बारका म्हातारा होता. त्याने माझं मागचं झाकण उघडलं, फुंकर न मारता बराच वेळ आत बघितलं आणि मला आपल्या मोठ्या घड्याळाशेजारी तासभर चालवलं. मग तो म्हणाला, "अहो, हे तासाभरात एक सेकंद चुकत नाही. चाळीस सेकंदांत चार कुठून चुकेल?" झाकण लावता लावता त्याने सहज विचारलं, "धरतं कोण हे?"

दादाने मला त्याच्या हातातून घेतलं आणि खिशात टाकलं. खिशातून मला त्याचं काळीज ऐकू येतं. ते माझ्यापेक्षा जोरात चाललं होतं.

छोटीने मग आपल्या प्रयोगशाळेतल्यासारखं डोकं चालवलं. घड्याळ बरोबर, फलक बरोबर, मग चूक आपल्यात आहे का, हे बघायला दुसरा माणूस पोहायला हवा. तिने शिट्टीला विचारलं. शिट्टी खूष झाला, म्हणाला की लोकांना बुडण्यापासून वाचवता वाचवता स्वतः पोहायचं राहूनच गेलं होतं.

दादा नको म्हणत होता. पण कारण सांगत नव्हता. शेवटी तो काठावर उभा राहिला, "हं" म्हणाला आणि त्याने मला दाबलं. त्या दिवशी त्याची मूठ उघडी होती, त्यामुळे मला सगळं दिसलं. शिट्टीचं पोहणं कसलेल्या माणसाचं, पाण्याचा आवाज जवळजवळ नाही. तो गेला, वळला, आला आणि माझ्या पस्तिसाव्या सेकंदाला त्याने काठाला हात लावला. मी चालूच होतो. तो शिडी चढून वर आला. मी चालूच होतो. अंगावरून पाणी निथळत तो दादाच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दादा अजून पाण्याकडे बघत होता. मान किंचित पुढे, कान पाण्याकडे, ओठ अर्धे उघडे, मोजायला काही सापडत नाही असे. मी एका मिनिटावर आलो. शिट्टीने हळूच खोकल्यासारखं केलं.

"दादा, मी इकडे आहे," तो म्हणाला.

मग तो पंचा शोधायच्या निमित्ताने निघून गेला. तेवढी समज त्याच्यात होती.

छोटी दादाजवळ आली. तिने माझं बटण दाबलं. एक मिनिट अकरा सेकंद. तिने त्याच्या तोंडासमोर हात हलवला नाही किंवा तसलं काही केलं नाही. तिने फक्त विचारलं, "तुला मी दिसते का रे?"

"दिसतेस की," दादा म्हणाला. "पाण्यात गेलीस की जरा कमी दिसतेस. ऊन चमकतं ना."

"मग तू दाबायचास कधी?"

"चव्वेचाळिसाव्या हाताला. बावीस जायला, बावीस यायला. तू कधी चुकली नाहीस छोटे. मी बरोबर मोजायचो."

बरोबरच मोजायचा तो. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला तेव्हा छोटीचे हात चव्वेचाळीस होते. दिसेनासं झाल्यावर त्याने तो आकडा धरून ठेवला, जसा अंधारात जिन्याचा कठडा धरावा. सुईत दोरा तो बोटाच्या अंदाजाने ओवायचा, शिवण अंदाजाने चालवायचा, माझा काटा नाकाशी धरून वाचायचा, आणि कुणाला काही बोलायचा नाही, कारण डोळे गेले कळलं तर मला कोण त्याच्या हातात ठेवणार होतं.

छोटी पाण्यात उतरली आणि आपले हात मोजत एकटीच पन्नास मीटर पोहून आली. काठाशी आल्यावर म्हणाली, "अठ्ठेचाळीस." रागवावं कुणावर, हे तिला ठरवता येत नव्हतं. भावाने फसवलं म्हणावं, तर त्याने एकही हात चुकवला नव्हता. घड्याळ खोटं म्हणावं, तर ते सेकंदही चुकलं नव्हतं. तिने तर जीव ओतून पोहायचंच काम केलं होतं. आम्ही तिघांनी आपापलं काम चोख केलं आणि सगळं मिळून खोटं निघालं. मित्रांनो, हे कसं झालं ते मला आजही नीट उलगडत नाही.

त्याच दुपारी तिने कप्तानला फोन केला. आपली वेळ पंचेचाळीस आहे, जागा बेकरीवालीची आहे, एवढंच सांगितलं. दादाचं नाव काढलं नाही. टोपी स्वच्छ धुऊन, वाळवून, स्वतः बेकरीत नेऊन दिली. बेकरीवालीने ती घेतली आणि पावाची लादी पुढे केली, ती मात्र छोटीने घेतली नाही. स्पर्धेच्या दिवशी ती चौघींचे टॉवेल सांभाळत बसली. चौघी तिसऱ्या आल्या. ती हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत होती. आणि दुसऱ्या दिवसापासून तिने पोहणं बंद केलं.

मधल्या काळात दादाच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. आधी एका, मग दुसऱ्या. छोटीच त्याला घेऊन गेली, तिनेच थेंब घातले. तो काळा चष्मा लावून बसायचा आणि रोज विचारायचा की तलावावर कधी जायचं. ती विषय बदलायची. एकदा तो हटूनच बसला, तेव्हा ती म्हणाली, "सहा वर्षं मला वाटत होतं मी टिकून आहे. मी टिकून नव्हते दादा. आता मला कशाला बघायला यायचंय तुला?"

"सहा वर्षं बघितलं नाहीये म्हणून," दादा म्हणाला.

ती तलावावर गेली. मनात नव्हतं, पण भावाचा शब्द मोडवला नसेल. मीही होतोच. दादाने चष्मा काढून खिशात ठेवला, माझ्या शेजारी, आणि मला हातात घेतलं. "हं" म्हणाला. मला दाबलं.

छोटी पाण्यात होती. मूठ उघडी होती म्हणून मला दादाचा चेहरा दिसत होता. त्याचे ओठ हलत नव्हते. तो नुसता बघत होता, एखादं अवघड कापड उजेडाला धरून बघावं तसा. मी वीस म्हणालो, तीस म्हणालो, चाळीस म्हणालो. छोटी काठाशी आली, तिने हात टेकवला. मी पंचेचाळिसाव्या रेघेच्या पुढे गेलो होतो. मला कुणी दाबलं नाही. मी चालत राहिलो. पुन्हा तेच का, डोळे पुन्हा गेले का, असं मला वाटलं.

"किती?" छोटीने विचारलं. आवाजात काही आशा नव्हती.

दादा वाकला. "तुझा डावा हात पाण्यात शिरताना वाकडा पडतोय. कोपर आधी बुडतं. कधीपासून?"

"मला काय माहीत? मला कुठे दिसतो तो?"

"पूर्वी तू असा टाकायची नाहीस."

"वेळ सांग ना दादा."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी एका मिनिटाच्या पुढे पळत होतो. तो ओशाळला. मग त्याने मला थांबवलंही नाही, नुसतं पालथं घातलं.

"बघण्यात दाबायचं राहिलं," तो म्हणाला. "परत जा. कोपर वर ठेवून."

छोटी काहीतरी पुटपुटली. शिवी असावी, मी खात्रीने सांगत नाही. मग तिने पोहायचा चष्मा डोळ्यांवर ओढला, भिंतीला पाय लावले आणि निघाली.

मित्रांनो, त्या दिवशी माझा उपयोग झाला की नाही, हे मला कळलेलं नाही. मी पालथा पडून तळहातावर टिकटिक करत होतो आणि कुणाला त्याची गरज नव्हती. पण एक विनंती करतो, चुकत असलो तर सोडून द्या. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तुम्ही पुसता, तेल देता, बिघडलो की दुरुस्तीला नेता. तसं त्या हातांकडेही बघत जा, ज्यांत आम्ही असतो. तुमच्या घरात तुमच्यासाठी कुणी काठावर उभं राहत असेल, तुमची उंची दाराच्या चौकटीवर मोजत असेल, तुमचे धडे म्हणून घेत असेल, तर त्या माणसाला अधूनमधून विचारा की तुला दिसतं ना, तुला ऐकू येतं ना. ते स्वतःहून सांगणार नाहीत. आणि विचारायला उशीर झाला, तरी विचारा.